कोशिंबाची लाली मुलांनी आधी पाहिली

झाडांच्या नोंदींवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातली ‘शाळकरी मुलांच्या नोंदी संशोधनाला कितपत चालतील’ ही शंका पटली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. झाडांमधले ऋतूंनुसार होणारे बदल लोकांनीच नोंदवायच्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात करतात तसंच आमची सहावीची मुलं दर आठवड्याला तेच झाड पाहतात आणि पालवी, फुलं, फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडी’, ‘भरपूर’ एवढंच लिहितात. केरळातल्या कितीतरी शाळा हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

मार्चमध्ये ओढ्याकाठचं कोशिंबाचं झाड लालभडक झालं. अर्ध्या वर्गाने ‘फुलं भरपूर’ लिहिलं. एका मुलीने खाली पडलेली डहाळी आणून बाकावर ठेवली. शिरा दिसत होत्या, पान मऊ, ओलसर लाल. ही तर पालवी! मुलांनी आपणहून नोंद खोडून दुरुस्त केली आणि शेजारी तारीख घातली. चूक होते हो, पण तेच झाड पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहायचं असतं, म्हणून ती सापडतेही.

एक मात्र मनापासून सांगते. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी ‘लोक जैवविविधता नोंदवह्या’, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या आणि त्यांविषयी लोकांना असलेल्या माहितीच्या वह्या, करायच्या असतात. आमच्या गावची वही बाहेरच्या माणसांनी दोन दिवसांत भरली. त्यात कोशिंब नाहीच! गुराखी आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी बांधावरच्या वेलींचीही नावं सांगितली असती. पुढच्या वेळी ती वही भरताना आमच्या मुलांना आणि त्या आजोबांना शेजारी बसवा.