आमच्याकडे, तुमच्याकडे

आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, मध्यंतरी निकालच देऊन टाकला: ‘लाँग कोविड हे पगारी रजा मिळणाऱ्या देशांचं दुखणं आहे. आपल्याकडे लोकांना आजारी पडायला वेळ नाही.’ खाली सतरा हसरे चेहरे. त्यातला एक माझ्या भाचीच्या सासऱ्यांचा. म्हणजे जिथे कोविड होऊन महिने लोटले तरी माझी भाची दुपारनंतर जिना चढू शकत नाही, त्याच घरातला.

भाचीची फाईल मी पाहिली आहे. आठ महिन्यांपूर्वी तिने पानापानाचे फोटो काढून पाठवले होते. छातीचा एचआरसीटी, टू-डी एको, डी-डायमर, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२. आधी छातीचे डॉक्टर, मग हृदयाचे, मग मेंदूचे. प्रत्येकाने आपापला अवयव तपासला आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून तिला परत दिला. शेवटच्यांनी वर सल्लाही दिला, जिम लावा, स्टॅमिना वाढेल. तिने लावली. तिसऱ्या दिवशी जी आडवी झाली ती बारा दिवस उठली नाही.

त्या सतरा चेहऱ्यांना मी रात्री अकरा वाजता लांबलचक उत्तर लिहिलं. सुरुवातच होती, ‘आमच्याकडे असं होत नाही.’

आमच्याकडे म्हणजे इंग्लंडात. इथे २०२० च्या डिसेंबरातच नाइसची, म्हणजे डॉक्टरांनी काय करावं ते ठरवून देणाऱ्या सरकारी संस्थेची, मार्गदर्शिका आली: चार ते बारा आठवडे लक्षणं राहिली तर एक नाव, बारा आठवड्यांच्या पुढे गेली आणि दुसरं कारण सापडलं नाही तर दुसरं. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलाच पाहिजे अशी अट नाही, कारण पहिल्या लाटेत टेस्ट मिळाली होती कुणाला? रक्त तपासायचं ते लाँग कोविड सापडावा म्हणून नाही (तशी तपासणीच नाही), तर अॅनिमिया, थायरॉइड, मधुमेह, हृदयाचं काही दडून राहू नये म्हणून. आणि व्यायाम सांगण्याआधी एक प्रश्न विचारायचा: दमल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं? त्या दिवशी माणूस कोसळत असेल तर त्याला जिममध्ये पाठवणं हा उपचार नव्हे. त्याच्या अंगात जेवढी ताकद आहे तिच्या आतच दिवस बसवायला शिकवायचं, त्याला पेसिंग म्हणतात. अशाच कोसळण्याच्या जुन्या आजारात, एमई-सीएफएसमध्ये, टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला नाइसने २०२१ च्या ऑक्टोबरात काढून टाकला. भाचीला फक्त एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता!

मग मी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही दादाच्या तोंडावर मारली. तीही ऑक्टोबर २०२१ ची. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या निदानात न बसणारी लक्षणं. ‘दुसऱ्या कुठल्या निदानात न बसणारी’ हे म्हणणार कोण? हृदयाचा डॉक्टर फार तर म्हणेल, हृदयात नाही. पुढचं वाक्य त्यालाच बोलता येतं ज्याच्यासमोर अख्खा माणूस बसलेला असतो. म्हणून हा आजार जनरल प्रॅक्टिसचा. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही २०२१ मध्ये कोविडनंतरच्या तक्रारींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती वाचणार कोण, वगैरे वगैरे. लिहिताना मला फार बरं वाटत होतं.

दादाचं उत्तर सकाळी: ‘तुमच्याकडे डॉक्टर भेटतो तरी का?’

हे ‘तुमच्याकडे’ मला झोंबतं. मी ‘आमच्याकडे’ लिहिलं की तो लगेच ‘तुमच्याकडे’ करून परत पाठवतो. आणि इथे सर्जरीत, म्हणजे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, बसून मी भारताबद्दल ‘आमच्याकडे तर डॉक्टर त्याच दिवशी बघतात’ म्हणते, तेव्हा रिसेप्शनिस्टचा चेहरा तेच ‘तुमच्याकडे’ म्हणत असतो.

पगारी रजेचं तर सोडाच. सिक पे अठ्ठावीस आठवडे, तोही भाड्याला पुरत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये स्वतःला लाँग कोविड असल्याचं सांगणारे अंदाजे १९ लाख लोक होते; हे कळलं, कारण सांख्यिकी कार्यालयाने पाहणीत विचारलं. आपल्याकडे इतके कुठे आहेत, असं दादा म्हणतो. विचारलंय कुणी?

पण डॉक्टर भेटतो का, याचं खरं उत्तर मी दिलं नाही.

मी आजारी पडले २०२२ च्या जानेवारीत. सकाळी आठला फोन, रांगेत तेविसावा नंबर. दर वेळी नवा आवाज, दहा मिनिटं, आणि मी पहिल्यापासून सुरू. एका लोकमने, म्हणजे बदली डॉक्टरने, मला नैराश्याच्या गोळ्या सुचवल्या. नाइसची मार्गदर्शिका त्यांनी वाचलेली नव्हती असं नाही. फक्त दहा मिनिटांत माझ्यापर्यंत ती पोचली नाही. लाँग कोविड क्लिनिकचा रेफरल पाच महिन्यांनी लागला, तोही आधी व्हिडिओवरचा ग्रुप सेशन.

मधल्या काळात एका रात्री मी आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. तिकडच्या. दवाखाना बंद करून त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांनी मला बोलू दिलं, मग विचारलं, ‘हे सगळं उभं राहिल्यावर होतं की बसल्यावरही?’ हे मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाले, दहा मिनिटं आडवी पड, नाडी मोज. मग भिंतीजवळ उभी राहा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला लिहून काढ. आडवी असताना ७२, उभी राहिल्यावर ११४. मोठ्या माणसाची नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय घ्यायचा असतो. ते पुढे म्हणाले, ‘लहानपणीही प्रार्थनेच्या रांगेत तुला चक्कर यायची, आठवतं का?’

तो कागद मी जीपीला दाखवला. तिने तो नीट वाचला (ती एकदाच भेटली, पण चांगली होती), आडवं आणि उभं करून रक्तदाब स्वतः घेतला आणि विचारलं, हे करायला कुणी सांगितलं? मी म्हणाले, मीच वाचून केलं. का ते मला आजही सांगता येत नाही. परदेशातल्या, निवृत्त, सर्जरीच्या कुठल्याच नोंदीत नसलेल्या माणसाचं नाव तिथे घ्यायला मला कसंसंच झालं. मग पाणी, मीठ, पायाचे घट्ट मोजे, पेसिंग. आता मी अर्धा दिवस काम करते.

यातलं काहीच ग्रुपवर नाही. ग्रुपवर नाइस आहे.

परवा दादाने पुन्हा डिवचलं: ‘बरं, तुझ्या त्या जीपीचं नाव काय?’ मी अॅप उघडलं. इथे प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक डॉक्टर नेमलेला असतो. माझ्या नावापुढेही आहे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. बाई की पुरुष हेही आडनावावरून कळेना. बराच वेळ मी ते नाव बघत बसले. मग दादाला आमच्या जुन्या डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि नाडीची सगळी हकिकतही.

लगेच निळ्या खुणा. ‘अगं, ते तर आपले,’ दादाने लिहिलं. ‘मग पोरीला त्यांचा नंबर का नाही दिलास?’

भाचीला मी नाइसची पीडीएफ पाठवली होती.

नंबर त्याच रात्री पाठवला.