'डबकं' म्हणणाऱ्या दादांसाठी

घरामागच्या हौदात शेवाळ वाढवून घरचं सांडपाणी स्वच्छ करते, त्यावरच्या मागच्या लेखाखाली एका दादांची लांब कमेंट आलीय. नाव नाही, फोटोच्या जागी बुलेट गाडी. मजकूर थोडक्यात असा: "ताई, डबक्यात शेवाळ धरलं की त्याला प्रकल्प म्हणत नाहीत. रात्री शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट खातं. ते पाण्यातून काढायचं कसं, खर्च किती, हे तुम्ही शिताफीनं टाळलंय. त्यापेक्षा शोषखड्डा घ्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं अख्खं गाव डासमुक्त केलं." आणि खाली तीन हसणारे चेहरे.

दोन दिवस म्हणलं जाऊ द्या. पण ते चेहरे काही डोक्यातनं जाईनात, म्हणून बसलेच लिहायला.

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते, नाहीतर म्हणाल बाई ऐकूनच घेत नाही. 'शेवाळ दिवसरात्र ऑक्सिजन सोडतं' असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. ऊन आहे तोवरच सोडतं, अंधार पडला की तेही आपल्यासारखंच ऑक्सिजन ओढतं, त्यामुळं पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ती ओळ बदललीय. झालं समाधान? हेच नीट बोलला असता तर आभार मानले असते.

आता डबकं. अहो, डबकं कशाला म्हणतात हे मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायचं का? पाणी साचलं, हललं नाही, म्हशी बसल्या, डास झाले, ते डबकं. माझ्या घरामागं काय आहे ते लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही फोटो बघून खाली कमेंट टाकायला पळाला असणार. आमच्या कॉलनीत ड्रेनेज लाइन नाही. संडासाचं आणि मोरीचं पाणी आधी तीन कप्प्यांच्या बंद टाकीत जातं. तिथं हवा नाही. हवेशिवाय जगणारे जंतू घाण फोडतात, आधी तिची आम्लं होतात, मग दुसरे जंतू त्या आम्लांचा मिथेन करतात, एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण असा सगळा प्रकार. घरच्या टाकीत गॅस होऊन होऊन किती होणार, तो उंच पाईपातनं सोडून दिलाय. पण बाहेर पडलेलं पाणी तरी काळपट असतं, वास मारतं, आणि मुख्य म्हणजे त्यातला नायट्रोजन नि फॉस्फरस जवळपास तसाच राहतो. जंतूंनी घाण खाल्ली, खत पाण्यातच ठेवलं.

हे खत खायला शेवाळ. म्हणून पुढं एक फूट खोलीचा उथळ हौद केलाय, कारण हिरव्या पाण्यात ऊन त्याच्या फार खाली पोचत नाही, आणि एक छोटं चाक ते पाणी हळूहळू गोल फिरवत राहतं. शेवाळानं दिलेला ऑक्सिजन घेऊन वेगळे जंतू उरलेली घाण संपवतात, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेतं. भर दुपारी शेवाळ तो इतका ओढतं की पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) नऊच्या वर जातो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कली होतं, ते विष्ठेतल्या जंतूंना सोसत नाही. हे काय माझ्या डोक्यातनं आलेलं नाही, कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड या संशोधकांनी १९५० च्या दशकात अशा हौदांवर काम केलं. त्यांनाही तुम्ही म्हणाला असता का, काका हे डबकं आहे? नसता म्हणाला. ताई दिसली की लगेच डबकं.

आणि हे मला आत्ता मोबाईलवर दिसलं म्हणून करतेय असं नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं. आप्पांनी दारात गोबरगॅस बसवला होता, लोखंडी ड्रमचा. शेणाएवढंच पाणी घालून काला करायचं काम माझ्याकडं, गोळी राहिली की आप्पा परत कालवायला लावायचे. ड्रम वर आला की गॅस आहे, खाली बसला की आई गुमान चुलीकडं वळायची. थंडीत तो उठायचाच नाही, आप्पा म्हणायचे आतली जनावरं गारठलीत. मिथेन करणारे जंतू गारठ्यात मंदावतात हे पुस्तकात मी फार नंतर वाचलं. आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, तेव्हा मी लातुरातच होते, घागर घेऊन लाइनीत. तुम्ही कुठं होता माहीत नाही. तेव्हापासून मोरीतनं वाहून जाणारं पाणी मला बघवत नाही, एवढंच.

टेंभुर्णीच्या कामाला माझा नमस्कार, मनापासून. पण तिथं झालं म्हणून माझ्या दारात होईल असं नाही. शोषखड्ड्यातलं पाणी जमिनीत मुरावं लागतं, आणि आमच्याकडं खाली काळी चिकणमाती, फुगली की पाणी झिरपू देत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदावं तर शेजाऱ्यांचा बोअर पंधरा फुटांवर. सांडपाण्यातला नायट्रोजन जमिनीत नायट्रेट होऊन त्याच बोअरला जाणार, आणि प्यायच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. तुम्ही द्याल का त्यांना टँकर?

राहिलं काढायचं नि खर्चाचं. लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असतं, पेशी इतक्या बारीक की धोतराच्या फडक्यातनंही निघून जातात, हे मलाही माहितीये. त्यावर सवडीनं लिहीन. सध्या शेवाळासकट पाणी नारळाला नि जास्वंदीला देते, भाजीला नाही. आणि विटा-सिमेंटचे पैसे माझे होते, त्याची पावती तुम्हाला का दाखवू?

लातूरला आलात तर हौद बघायला जरूर या, चहा पाजीन. फक्त दुपारी दोननंतर या. सकाळी सकाळी त्या पाण्याला जरा वास असतो, परत म्हणाल डबकं.