फुकट गेम आहे म्हणून बोलायचं नाही का?

परवा पारावर एका मित्राने सगळ्यांसमोर ऐकवलं, "फुकटना गेमले इतलं कसाले बोलस भो?" मी एका टॉवर डिफेन्स गेमला तीन स्टार दिले होते आणि खाली चांगला लांबलचक अभिप्राय लिहिला होता, तो त्याने वाचला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक रुपया दिला नाही तर तक्रार कसली? आवडला तर खेळ, नाही तर काढून टाक. तेव्हा माझी शेतात पाण्याची मोटर लावायची वेळ झाली होती, उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब होईल, पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

त्या गेमचं नाव देत नाही, कारण मला या जातीच्या सगळ्याच फुकट गेमबद्दल बोलायचं आहे. रोगलाइट टॉवर डिफेन्स म्हणतात या प्रकाराला.

टॉवर डिफेन्स आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. मक्याला डुकरं लागली की आपण काय करतो? ती नाल्याच्या अंगाने येतात की पडीक शेतातून, ते आधी बघतो. पावलं बघतो, मोडलेली ताटं बघतो. मग त्या वाटेवर माळा, म्हणजे उंच मचाण, बांधतो आणि जागलीला बसतो. गेममध्येही हेच. शत्रू एका वाटेने लाटा करून आपल्या वाड्यावर चालून येतात, आपण वाटेच्या कडेला टॉवर उभारायचे. प्रत्येक शत्रू मेला की थोडं सोनं मिळतं, त्यातून पुढचा टॉवर. अमळनेरला कॉलेजात असताना सायबर कॅफेत मी ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ खेळायचो. २००७ साली आलेला गेम, ब्राउझरमध्येच चालायचा. मोकळ्या मैदानात टॉवर रचून आपणच शत्रूची वाट वाकडी करायची. पुढे २०११ ला ‘किंगडम रश’ आला, त्यात वाट ठरलेली आणि लाटाही ठरलेल्या. चार-पाच वेळा खेळलं की पाठ व्हायचं.

रोगलाइटने ही पाठांतराची सोय काढून टाकली. हा शब्द आला ‘रोग’ (इंग्रजी Rogue, आजार नव्हे) नावाच्या गेमवरून, १९८० च्या सुमाराचा. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी सुरुवात केली, नंतर केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. पडद्यावर चित्र नाही, नुसती अक्षरं. तळघर दर वेळी नवीन तयार व्हायचं, आणि मेलात की सगळं संपलं, पहिल्यापासून सुरू. या वळणाच्या गेमना पुढे रोगलाइक म्हणू लागले. त्यातला काटेकोरपणा थोडा सैल करून, मेल्यावरही काहीतरी गाठीला राहील अशी सोय केली, ते रोगलाइट. मग २०१९ मध्ये ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम पूर्ण स्वरूपात आला आणि लढाई जिंकली की तीन पत्त्यांतून एक उचला, ही रीत सगळीकडे रुजली. आता टॉवर डिफेन्समध्येही तेच. लाट संपली की तीन पत्ते समोर. एकात विषाचा टॉवर, एकात बर्फाचा, एकात सगळ्यांचा मारा २० टक्के वाढवणारा. एकच घ्यायचा. बाकीचे दोन गेले.

मी हा गेम कधी खेळतो ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. आमच्या फिडरला, म्हणजे शेताच्या वीजलाइनला, एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मी विहिरीवर असतो. एकदा मोटर चालू झाली की तास-सव्वा तासाने पाण्याचा वॉल (व्हॉल्व्ह) फिरवायचा, मधे नुसतं बसायचं. जानेवारीत बोरी नदीकाठी थंडी अशी असते की झोप लागत नाही आणि लागू देऊनही चालत नाही. मक्यात जरा खसखस झाली की बॅटरी मारायची. गेमचा एक डाव साधारण चाळीस मिनिटांचा. वॉल फिरवला, एक डाव, परत वॉल. आणि हा गेम नेटशिवाय चालतो, हे त्याचं पहिलं पुण्य. माझ्या शेतात रेंज नसते. नेट लागलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला असता.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळली. असल्या गेममध्ये माणूस जिंकतो कमी, हरतो जास्त. मग गेम चांगला की वाईट हे ठरतं तो आपल्याला कसा हरवतो त्यावर.

पहिली हार सांगतो. सत्ताविसाव्या लाटेपर्यंत मी फक्त विष घेत गेलो होतो. प्रत्येक वेळी विषाचा पत्ता आला की उचल. वीस लाटा अशा गेल्या की शत्रू अर्ध्या वाटेतच गळून पडायचे. मग जे आले ते हिरवट कवचाचे, अंगावर विष चढेचना. बाण मारणारा एकही धड टॉवर माझ्याकडे नव्हता. दोन मिनिटांत वाडा पडला. त्या गेममध्ये तुम्ही एकाच प्रकारच्या माऱ्यावर विसंबलात की पुढच्या शत्रूंमध्ये त्याचा प्रतिकार वाढत जातो, आणि हे दहाव्या लाटेपासून कोपऱ्यात छोट्या खुणेने दाखवलेलं असतं. मी बघितलं नव्हतं.

मोबाइल खाली ठेवला आणि मला २०१७ चा कापूस आठवला. बोंडं फोडून बघायचो आणि आत गुलाबी अळी. बीटी, म्हणजे बोंडअळीला स्वतःच मारणारं कापसाचं बियाणं, आलं २००२ साली, आणि पुढे सगळ्यांनी सगळ्या शेतात तेच लावलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं, कडेने लावायला, अळीत प्रतिकार लवकर येऊ नये म्हणून. किती जणांनी लावलं ते? आमच्याकडे ती पाकिटं बांधावर पडलेली असायची. त्या रात्री विहिरीवर बसून वाटलं, हा गेम बनवणाऱ्याला शेतीतलं काही ठाऊक असो-नसो, पण त्याने हे बरोबर पकडलंय. ती हार माझी होती. पुढच्या डावात तिसऱ्या लाटेलाच बाणाचा टॉवर घेतला. ज्या हारेतून पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळतं, ती हार मला गोड लागते.

आता दुसरी. उडणारे शत्रू पंधराव्या लाटेला येतात. त्यांच्यावर फक्त दोन जातींच्या टॉवरचा मारा चालतो. मला चौदा लाटांत त्यातला एकही पत्ता आला नाही. काय करायचं होतं मी? रागाने दोन स्टार दिले आणि लिहून टाकलं की हा नशिबाचा खेळ आहे. दिवाळीला भाचा आला, धुळ्याला इंजिनीअरिंगला आहे, त्याला डाव दाखवला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही रिरोलसाठी सोनं शिल्लकच ठेवत नाही." तीन पत्ते नको असतील तर सोनं मोजून ते बदलून घेता येतात, हे मला माहीत होतं, पण मी सगळं सोनं टॉवरवर लावून मोकळा व्हायचो. तो दर लाटेला थोडं बाजूला ठेवतो. शिवाय त्याने दाखवलं की टॉवरवर बोट दाबून धरलं की कोणाला मारायचं ते ठरवता येतं: सगळ्यात पुढचा, सगळ्यात जवळचा, की सगळ्यात तगडा. मी महिनाभर खेळत होतो आणि हे मला माहीत नव्हतं, कारण गेमने ते कुठेही सांगितलेलं नाही. त्या दिवशी माझे दोनाचे तीन स्टार झाले. जे चुकीचं लिहिलं होतं ते पुसलं, आणि जे बरोबर होतं ते जास्त स्पष्ट लिहिलं.

स्पष्ट म्हणजे काय? एक उदाहरण. पत्त्यावर लिहिलेलं असतं, मारा २० टक्क्यांनी वाढेल. असे पाच पत्ते घेतले. टॉवरचा मूळ मारा १०० असेल आणि गेम टक्के नुसते मिळवत असेल, तर झाला २००. पण एकावर एक चढवत असेल, तर जवळजवळ २४९. हा फरक चाळिसाव्या लाटेला जगण्या-मरण्याचा आहे. एका ठिकाणी बेरीज, दुसऱ्या ठिकाणी गुणाकार, आणि पत्त्यावर दोन्हीकडे तीच अक्षरं. खेळणाऱ्याला निवड करायला लावता तर त्याला निवडीचा हिशोब दिसला पाहिजे. खताच्या गोणीवर घटकांचं प्रमाण छापलेलं असतं ना?

तिसरी हार मात्र मला मान्य नाही, आणि इथे फुकटपणाचा प्रश्न येतो. पहिले दहा-बारा तास तुम्ही कितीही डोकं लावा, तिसाव्या लाटेच्या पुढे जाताच येत नाही. शत्रूचा जीवच इतका ठेवलाय की आकडे पुरत नाहीत. प्रत्येक हारेनंतर काही नाणी मिळतात, त्यातून कायमची वाढ विकत घ्यायची, मग पुढच्या वेळी थोडं पुढे. किंवा पैसे भरा आणि नाणी घ्या. म्हणजे मी चुकलो म्हणून हरलो नाही, अजून पुरेसा हरलो नाही म्हणून हरलो. अशा हारेतून शिकायचं काय? आणि वाडा पडला की लगेच पाटी येते, जाहिरात बघा आणि पुन्हा उभे राहा. माझ्या शेतात रेंज नाही, जाहिरात येत नाही, म्हणजे मी उभाही राहत नाही. तोच डाव गावात बसून खेळणारा पुढे जातो. दुप्पट वेगाचं बटणही जाहिरातीमागे. ऑगस्टमधल्या अपडेटने तर माझा अर्धवट राहिलेला डाव पुसून टाकला, पस्तिसावी लाट होती. कळवलं, उत्तर आलं नाही.

गेम बनवणाऱ्याने कमवू नये असं मी म्हणत नाही. त्याचंही घर आहे. जाहिरात दाखवा, टॉवरचे वेगळे रंग विका, हजार-पाचशेला नवीन नकाशे विका, मी घेईन. पण हरण्याच्या क्षणी गल्ला उघडू नका. तिथे गल्ला उघडला की मला हरवण्यात तुमचा फायदा झाला, आणि मग एखादी लाट कठीण का आहे यावर माझा विश्वास राहत नाही.

आता पारावरच्या मित्राला उत्तर. भो, समजा कोणी मला बियाणं फुकट दिलं. ते उगवलंच नाही. पिशवीचे पैसे गेले नाहीत, खरंय. पण नांगरटी माझी, पाणी माझं, आणि हंगाम गेला तो माझा. तिथे मी गप्प बसू? या गेमला मी रात्रीचे साठ-सत्तर तास दिलेत. मी दिलेली किंमत ती आहे.

आणि उलट बाजूचंही सांगतो, कारण अभिप्राय वाचताना मला त्यांचाही त्रास होतो. पंधरा मिनिटं खेळून एक स्टार द्यायचा आणि लिहायचं, "हरलो की पहिल्यापासून, बकवास." अरे दादा, तोच तर प्रकार आहे! भरीत मागवून वांगं का घातलं म्हणून भांडण्यासारखं ते. दुसरा पाच स्टार देतो आणि लिहितो, "फुकट आहे, मस्त." त्यातून बनवणाऱ्याला काय कळणार? स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या दुकानावर, निदान अभिप्रायाबरोबर किती तास खेळलं ते दिसतं. प्ले स्टोअरवर ते दिसत नाही, म्हणून आपणच लिहावं: इतके तास खेळलो, फोन कोणता, कुठल्या लाटेला पडलो, हातात काय होतं. मी लिहिलं की ४ जीबीच्या फोनवर पस्तिसाव्या लाटेनंतर शत्रू इतके होतात की बोट दाबल्यावर टॉवर उशिरा लागतो, आणि मे महिन्यात दुपारी फोन तापून पडदा आपोआप अंधुक होतो. मोठ्या शहरात एसीत बसून तपासणाऱ्याला हे कधी दिसणार नाही. आमच्याकडे ४५ अंशाला तो कसा चालतो, हे आम्हीच सांगायला हवं. मराठीत लिहिलं तरी चालतं, भाषांतर करून वाचता येतं त्यांना.

एक घरातली गोष्टही सांगून टाकतो. सकाळी आलो की आई विचारते, "कितला हारना?" तिला वाटतं पैशांचा खेळ आहे. तिचं चुकत नाही, रमीच्या जाहिरातींनी गावातली दोन घरं बसलेली तिने पाहिलीत. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ते फार बरं झालं. तिला मी शेजारी बसवून एक डाव दाखवला. उडणारे आले तेव्हा तीच म्हणाली, "वर देख, वर!" तेव्हापासून ती विचारते, कितवी लाट झाली.

सोमवारपासून परत रात्रीची लाईट आहे. माझी मजल त्रेचाळिसाव्या लाटेपर्यंत गेलीय, विष, बर्फ आणि दोन बाणांचे टॉवर, एक पैसा आणि एक जाहिरात न वापरता. पन्नाशी कोणी ओलांडली असेल तर खाली लिहा: बर्फ वळणावर लावता की तोंडाशी, आणि रिरोलला किती सोनं ठेवता?