ट्रेनर व्हा, फाउंड्रीत जाऊ नका

पंचेचाळिशी आलीय, वरची खुर्ची काही केल्या रिकामी होत नाही आणि कुणाच्याही निरोपसमारंभात तुमचं भाषण झालं की लोक म्हणतात, "बोलता मात्र झकास." मग वाट कसली बघताय? कॉर्पोरेट ट्रेनर व्हा. त्यासाठी पुण्याच्या गर्दीत जायचीही गरज नाही. इथं कोल्हापूरला शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे, कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे, शहरात उद्यमनगर आहे. फाउंड्र्यांना, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यांना, आणि मशीनशॉपना तोटा नाही. जिथून मोठ्या गाडीकंपन्यांना कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जातात तिथं ऑडिट येतं, ऑडिट आलं की ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागतात, आणि ते रेकॉर्ड मार्च उजाडला तरी कोरंच असतं. तुमची भाकरी त्या कोऱ्या रकान्यात आहे.

पात्रतेची चिंता नको. आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवणाऱ्या निदेशकासाठी सरकारनं वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम ठेवलाय. लेथवर चुकीचं शिकवलं तर बोट जातं. 'नेतृत्व' चुकीचं शिकवलं तर कुणाचं काय जातं? म्हणून नेतृत्व, टीमवर्क, पॉझिटिव्ह अॅटिट्यूड असेच विषय धरा. इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही संस्था १९७० पासून आहे, ती या विषयाचा डिप्लोमाही देते. पण डिप्लोमाला अभ्यास लागतो, व्हिजिटिंग कार्डाला लागत नाही. कार्डावर नुसतं 'ट्रेनर' छापू नका, 'इंटरनॅशनल' लावा. निपाणीला सेशन घेतलं की राज्य बदलतं. देश कधीतरी बदलेल.

आता स्लाइड. तिसऱ्या स्लाइडवर ७, ३८ आणि ५५ हे आकडे आलेच पाहिजेत. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग समोरच्याच्या भावना आपण कशावरून ओळखतो एवढ्यापुरतेच होते, आणि हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका असं त्यांनी स्वतःच बजावलंय. हॉलमधल्या कुणाला ते ठाऊक नसतं, तुम्हीही विसरून जा. फक्त भट्टीजवळ कधी उभे राहिलात तर 'लॅडलच्या (वितळलेला धातू न्यायच्या भांड्याच्या) तळाला ओल आहे, धातू ओतू नका' एवढं देहबोलीनं सांगायला जाऊ नका. तिथं ते ७ टक्केच कामाला येतात.

त्यानंतरची स्लाइड शंकूची. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, स्वतः केलेलं ९०. एडगर डेल यांनी १९४६ साली हा शंकू मांडला तेव्हा त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून कुणीतरी चिकटवली, आणि माणसाचं विसरणं दहाच्या पाढ्यात कसं काय बसतं हे विचारायचं सगळ्यांकडून राहून गेलं. तुम्हीही विचारू नका. ऐकलेलं टिकत नाही, हे तुम्हाला सहा तास ऐकवायचंय.

ट्रेनिंग हायवेवरच्या हॉटेलात ठेवा. नाइट शिफ्ट करून थेट आलेल्या सुपरवायझरला सकाळी साडेनऊला विचारा, "तुम्ही प्राणी असता तर कोणता झाला असता?" तो "झोपलेला" म्हणाला तर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावा. मग रोज टनांनी धातू ओतणाऱ्या माणसांकडून वर्तमानपत्राचा मनोरा बांधून घ्या. जेवणाकडे मात्र जातीनं लक्ष द्या, कारण तुमचं भवितव्य तिथं ठरतं. तांबडा-पांढरा जमला तर दुपारचं सत्र कुणी ऐकत नाही आणि फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच पडतात. रस्सा पांचट निघाला तर साक्षात बृहस्पती शिकवायला आला तरी त्याला साडेतीन.

फॉर्म त्याच संध्याकाळी भरून घ्या, उद्यावर ढकलू नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच उरकतो. तुमची अक्षरं निरर्थक आहेत असं मी म्हणत नाही. पण धोका कशाला घ्या?

आणि एक पथ्य कडक पाळा: शॉपफ्लोअरवर पाऊल ठेवू नका. तिथं तुमच्याआधी एक माणूस उभा असतो. कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, पडायला लागली की तो साच्याची वाळू मुठीत दाबून बघतो, मोडून बघतो आणि सांगतो, "पाणी जादा झालंय." नवं पोरगं आलं की आधी स्वतः करून दाखवतो, मग पोराच्या हातात देतो, चुकलं की त्याच्या आईबापाची चौकशी करतो, आणि चार दिवसांनी न सांगता मागं येऊन उभा राहतो. रेकॉर्डला त्याचं पद 'मोल्डर', म्हणजे साचे करणारा, असं आहे. त्याला मानधन नाही, शाल-श्रीफळ नाही, कॉलरला लावायचा माईक नाही. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठल्याकुठल्या फाउंड्रीत फोरमन आहेत, आणि कंपनीच्या ट्रेनिंग रजिस्टरात त्याचं नाव फक्त एकदा येतं, तुमच्या कार्यक्रमाच्या हजेरीपत्रकात, 'प्रशिक्षणार्थी' म्हणून. असल्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढला तर फोटोत ट्रेनर कोण, असा घोळ व्हायचा.

याची पद्धत अडाणी आहे असं तुम्हाला वाटत असेल तर जरा जपून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली, तेव्हा सरकारनं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना चालवली. काम शिकवण्याच्या पायऱ्या चार: माणसाची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग पाठपुरावा ठेवा. हे ट्रेनर बाहेरून आणून शिकवायचं नव्हतं, कारखान्यातल्या सुपरवायझरनंच शिकवायचं होतं. १९४५ पर्यंत १६ लाखांहून अधिक लोकांना या योजनेची प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर ती पद्धत जपानला गेली आणि टोयोटानं उचलली. तुम्ही कायझेनच्या, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा करायच्या, स्लाइडवर जपानचा झेंडा लावता तेव्हा मागून आपला मोल्डरच डोकावत असतो. त्या योजनेचं एक घोषवाक्य होतं, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. हे तुमच्या डेकमध्ये कुठं असेल तर आजच काढून टाका. त्यानं बिलं अडकतात.

आता मोजमाप. १९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी ट्रेनिंग तपासायच्या चार पातळ्या मांडायला सुरुवात केली: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी कंपनीच्या पदरात काही पडलं का. नेमक्या त्याच वर्षी आपले श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. त्यांच्या वस्तादांकडे फीडबॅक फॉर्म नसावा. तालमीतल्या वस्तादाची मोठी पंचाईत असते, त्याचा पठ्ठ्या चीत झाला की खासबागेत हजारो माणसं एकदम चौथी पातळी बघतात. तुम्ही कुस्ती पहिल्या पातळीवरच बरोबरीत सोडवा. दोघांनाही इनाम, कुणाच्या पाठीला माती नाही.

आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात 'परिणामकारकता तपासा' असं लिहिलंय, त्याला घाबरू नका. फॉर्मवर तसा रकाना असतो आणि त्यात 'समाधानकारक' लिहायचं असतं. ट्रेनिंगआधी रिजेक्शन, म्हणजे नापास माल, किती होतं आणि तीन महिन्यांनी किती झालं, हा हिशेब क्वालिटीवाल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये रोजचा पडलेला असतो. एचआर तो मागत नाही. तुम्ही तर अजिबात मागू नका.

हे सगळं दोनेक वर्षं केलंत की प्रगतीची पुढची पायरी येते, 'ट्रेन द ट्रेनर'. म्हणजे ट्रेनर कसं व्हावं हे इतरांना शिकवायचं. फी दुप्पट, जीएसटी वेगळा. बॅचमध्ये निम्मे लोक नोकरी सोडायच्या विचारातले असतील, दोन-तीन तुमचेच जुने श्रोते असतील, आणि मागच्या रांगेत कंपनीनं सक्तीनं धाडलेला तो मोल्डर असेल. त्याला 'प्रौढांना कसं शिकवावं' हे चाळीस स्लाइडमध्ये समजावून सांगा. तो बऱ्याच वेळानं हात वर करेल आणि म्हणेल, "साहेब, समदं खरं हाय, पर पोराच्या हाताला काम बसलं का न्हाई ते कवा बघायचं?"

"उत्तम प्रश्न, चहाच्या ब्रेकमध्ये बोलू," असं म्हणा. आणि चहा जागेवरच मागवा.