मंडळीत शहाणं म्हणून कसं मिरवावं

जय ख्रिस्त! तुम्हाला ज्ञानी व्हायचंय असं कानावर आलं. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने त्यावर फुकटचा उपाय सांगून ठेवलाय: ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो. हा उपाय कृपया करू नका. मागायचं म्हणजे आपल्याकडे ते नाही हे आधी कबूल करावं लागतं, आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांची निवडणूक तोंडावर असताना असली कबुली कोणाला परवडते?

बायबलमधला शहाणा राजा शलमोन तिथेच फसला. गिबोनात देव स्वप्नात येऊन 'माग' म्हणाला, तर या पोराने दीर्घायुष्य नाही, धन नाही, मागितलं ते ऐकणारं मन! राजाने ऐकायचं असतं का? तुम्ही त्याचं उतारवय गिरवा. 700 राण्या, 300 उपपत्नी, बायकांच्या नादाने परक्या दैवतांची देवळं, आणि तरी शहाणपणाचा दाखला द्यायचा तर नाव त्याचंच.

रोजची सुरुवात पहाटे 5 वाजता मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. गुलाब, कबूतर, खाली वचन. वचन कोणतंही चालेल, फक्त बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं 27:14 नको. भल्या पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापच समजला जातो, असं काहीतरी तिथे लिहिलंय. त्याच पुस्तकाचा 26वा अध्याय मात्र पाठ असू द्या. चौथी ओवी सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवी सांगते, दे. गप्प बसायचं असेल तर चौथी, भांडायचं असेल तर पाचवी. दोन्हीकडे मूर्ख समोरचाच, हे धरून चालायचं.

तुमची खरी कसोटी लागते ती मयताच्या घरी. मुलंबाळं आणि धनदौलत गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ 7 दिवस, 7 रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्या आठवड्याबद्दल शास्त्रात तक्रार नाही. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. तुम्हाला एवढी रजा कोण देणार? तेव्हा गप्प बसणं गाळून थेट बोलण्याला हात घाला. चप्पल काढता काढताच 'देवाची इच्छा' म्हणा. मग कोणता दवाखाना, उशीर का केला, उपास-प्रार्थना केली होती का, घरात काही न कबूल केलेलं पाप आहे का, असं क्रमाने विचारत जा. ती बाई रडायची थांबून तुमच्याकडे बघत राहिली तर वचन लागलं असं समजा. ईयोबाच्या मित्रांना शेवटी 7 बैल आणि 7 मेंढे अर्पण करावे लागले, वर ज्याला टोचलं त्याच्याच प्रार्थनेवर सुटावं लागलं. पण घाबरू नका, हल्ली मंडळीत बैल कोणी मागत नाही.

विद्वत्ता जड शब्दांत दाखवा. पंडिता रमाबाईंचं उदाहरण चुकूनही घेऊ नका. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिलेली बाई. दुष्काळात उपाशी पोरी आणून केडगावात सांभाळत बसली. त्याहून वाईट म्हणजे हिब्रू आणि ग्रीक शिकली, ती कशासाठी? तर साध्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी! आपल्याला ग्रीक अक्षर ओळखता येत नसलं तरी 'मूळ ग्रीकमध्ये तसं नाही' एवढं वाक्य पुरतं. तरुण संघाचा प्रश्न तिथल्या तिथे बसतो.

राहता राहिला तोच याकोब. त्याच्या तिसऱ्या अध्यायावर बोलायची पाळी आली तर ती आपणहून अंगावर घ्या. पहिल्या 12 ओव्या जिभेवर आहेत; त्यांवर तासभर बोला, आणि बोलताना बायकांच्या बाजूला बघा. 13व्या ओवीपासून ज्ञानी कोण ते येतं, आणि पुढे वरून येणारं ज्ञान सौम्य असतं, समजूत पटणारं असतं, दयेने भरलेलं असतं, वगैरे. पण तोवर चहा आलेला असतो.