ऋण्यांस ऋण

परवा रविवारी चर्चमध्ये उपासना संपली आणि सगळे नेहमीसारखे चहाच्या टेबलाशी जमले. आमच्या मंडळीत हल्ली एक मुलगी यायला लागलीय, पंचविशीतली. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून भावाकडे येऊन राहिलीय. तिनं कुणाजवळ तरी मन मोकळं केलं असावं, कारण बघता बघता तिघी जणींनी तिला घेरलं. "मागचं विसर गं बाळा." "प्रभूनं तुला नवीन केलंय ना, मग जुनं कशाला उगाळतेस?" तिसरीनं तर थेट बायबलचं वचनच काढलं, फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय, मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करून वगैरे. पोरगी नुसती मान हलवत होती. हातातला कागदी कप तिनं इतका दाबला की चहा बोटांवर आला, तरी तिला पत्ता नाही.

मी तिथंच उभी होते आणि गप्प बसले. त्याचाच राग आलाय म्हणून लिहितेय. लांबेल, सवडीनं वाचा.

आधी त्या वचनाचं बघू. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिसऱ्या अध्यायात मागचं म्हणून काय काय मोजतो? मी बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. म्हणजे ही त्याची सर्टिफिकिटं आहेत! जे लाभाचं वाटत होतं ते हानीचं समजलो, असं तो म्हणतो. मोठेपणा मागे टाकणाऱ्या माणसाचं ते बोलणं आहे. ते उचलून मार खाल्लेल्या बाईच्या तोंडावर कसं मारता येईल? आणि स्वतःच्या माराबद्दल हाच पौल काय लिहितो? करिंथकरांस दुसरं पत्र, अकरावा अध्याय काढा. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. आकड्यांसकट! विसरलेला माणूस असा हिशेब देत नाही.

हिशेबाचं मला कळतं. सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत काढली, त्यातली चौदा वसुलीत. आणि घरचा हिशेब त्याही आधीपासूनचा.

पप्पा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटा छापायच्या कारखान्यात नोकरी आणि घरात दमडी नाही, असा विनोद आमच्या गल्लीत चालायचा. आम्हीही हसायचो, न हसून सांगतो कुणाला. पगाराच्या दिवशी आई आम्हा दोघा भावंडांना पाचलाच जेवायला वाढायची आणि शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला पाठवायची. पप्पा आठनंतर यायचे. भिंत एकच होती, त्यामुळे अभ्यास काय व्हायचा ते विचारू नका. सकाळी आई डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढून भाकऱ्या थापत असायची, आणि पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, आरशासमोर भांग पाडून ड्यूटीला. रविवारी उपासनेत त्यांचा आवाज सगळ्यांत खडा. गायचे सुरेख, ते मात्र कबूल करायलाच हवं.

आईकडे एक वही होती. शाळेची, चौकटीची. दूधवाला, किराणा, फी असा खर्च पुढून, आणि मागच्या पानांवर वेगळं लिहिलेलं. तारीख आणि वस्तू, बस. "डाव्या हाताची बांगडी." "चिमणीच्या गुल्लकातले ४३." चिमणी म्हणजे मी. "शिलाई मशीन, ९००." मशीन गेलं त्या दिवशी मी शाळेतून आले तर खिडकीखाली फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. आईनं त्यावर पाण्याची कळशी ठेवली. नंतर कितीतरी वर्षं ती कळशी तिथंच.

प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ आमच्याकडे अशी म्हणतात: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." सातवीपासून मी ती म्हणणं बंद केलं. "रोजची भाकर" झाली की तोंड मिटायचं आणि "परीक्षेत आणू नको" आलं की पुन्हा उघडायचं. शेजारी आई ती ओळ स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, ही खोटं बोलतेय. वही तर पेटीत तशीच आहे.

आई २००९ मध्ये गेली. दोन वर्षांनी पप्पांना अर्धांग झालं आणि ते माझ्याकडे आले. भाऊ पुण्यात, त्याची खोली लहान, वगैरे वगैरे. तीन वर्षं केलं मी त्यांचं. गोळ्या वेळेवर, अंग पुसणं, फिजिओथेरपीवाला, सगळं. मंडळीत माझं कौतुक व्हायचं, किती क्षमाशील मुलगी! पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात, नाव न घेता, उदाहरणही दिलं.

आता पतसंस्थेतलं थोडं सांगते, कंटाळू नका. कर्ज थकलं की नोटिसा जातात, मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, जप्ती. काहीच हाती लागलं नाही की शेवटी ते निर्लेखित करतात. लोकांना वाटतं निर्लेखन म्हणजे माफी. अजिबात नाही. ताळेबंदातून ते नाव जातं, ताळेबंद देखणा दिसतो, पण वसुली चालूच राहते.

पप्पांचं मी तेच केलं होतं. बाहेरच्या कागदावर बाकी शून्य आणि आत वसुली चालू. चहाचा कप स्टुलावर ठेवताना जरा आदळून ठेवायचा. त्यांनी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी दहा आकडे मोजायचे. त्यांना बातम्या आवडायच्या, तर टीव्हीचा आवाज एवढा बारीक की ऐकू येऊ नये, पण बंद आहे असंही म्हणता येऊ नये. हप्त्याहप्त्यानं, रोज. आणि एवढं वसूल करूनही मुद्दल जिथल्या तिथं.

२०१३ च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी उपासनेला गेले नाही, त्यांना ताप होता. दुपारी आईची वही काढली आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून मागची पानं वाचायला लागले. मोठ्यानं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. क्षमा करायला म्हणून तर मुळीच नाही. बहुतेक दुखवायलाच. बांगडी वाचली. गुल्लक वाचलं. ते छताकडे बघत होते. मग मशीन, नऊशे. त्यांचं तोंड वाकडं झालेलं, शब्द चावून चावून यायचे. म्हणाले, "सहाशे. सहाशेच दिले त्यानं."

मला वाटत होतं, दारूत सगळं धुऊन गेलं असेल. तीस वर्षं आईनं लिहून ठेवलं आणि तीस वर्षं त्यांनी पाठ करून ठेवलं. मी स्वयंपाकघरातून पेन्सिल आणली आणि नऊशेच्या शेजारी सहाशे लिहिलं. मग पुढची ओळ वाचली. संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली. काही ठिकाणी ते "हो" म्हणाले, दोन ठिकाणी "नाही आठवत", एका ठिकाणी रडले. ते कुठलं ते इथं लिहिणार नाही.

त्या दिवशी मला आई समजली, निदान थोडी. ती ओळ म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. ऋण सोडायचं तर ऋण किती ते आधी माहीत हवं. वही फाडून टाकली असती तर सोडायला उरलं काय असतं? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, आठवा. राजानं त्याचं अफाट कर्ज सोडलं, आणि हा बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरतो. सोबत्याकडून त्याचं शंभर दीनार येणं होतं. उपदेशात नेहमी म्हणतात, अगदी क्षुल्लक रक्कम. क्षुल्लक कशी? दीनार म्हणजे दिवसाची मजुरी. द्राक्षाच्या बागेत जाणाऱ्या बाईला रोज तीनशे धरले तरी तीस हजार झाले. येशूनं दाखल्यात तो आकडा ठेवलाय. देणं नव्हतंच असं तो कुठंही म्हणत नाही.

आणि ही रक्कम भरायची कुणी? कर्ज बुडलं की तोटा हवेत विरत नाही, कुणीतरी तो आपल्या अंगावर घेतो. त्यासाठी आधी तरतूद लागते, म्हणजे तोट्यासाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम. माझ्या खात्यात तेवढी शिल्लक नव्हती हे मला कप आदळून आदळून कळलं होतं. येशूचा वधस्तंभ म्हणजे काय यावर मी लहानपणापासून ढीगभर उपदेश ऐकले, पण मला तो समजला तो तरतूद या शब्दातून. माझं येणं खरं आहे, पूर्ण आहे, आणि ते पप्पांकडून कधीच येणार नाही. ते दुसऱ्या कुणीतरी भरलंय. मी आता ऋणकोच्या दारात बसून राहायची गरज नाही. ऑडिटरसाहेबांना आणि ईश्वरविद्या शिकलेल्यांना यात चुका सापडतील, त्यांनी खुशाल काढाव्यात.

कप आदळणं त्यानंतरही लगेच थांबलं नाही. सवय ती.

आपण नाशिककर शरणपूर रोडवरून रोज जातो, कपडे घेतो, मिसळ खातो. हे शरणपूर १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलं. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं आणली, त्यांना शिकवलं, बाप्तिस्मा दिला, नवी नावं दिली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचणारा हाच, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांतही हा होता. आपल्या नाशिकात शिकलेला मुलगा! पण मला नेहमी वाटतं, नवं नाव मिळालं त्या रात्री शरणपुरातल्या एखाद्या पोराला आईनं मारलेली हाक आठवली असेल तर? त्याला कुणी सांगितलं असेल का, की आता तू नवीन झालास, ते विसर?

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म इथल्या जलालपूरचा, १८६८. नवऱ्यानं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसाराची दोन शकलं झाली, काही वर्षं ताटातूट. पुढे १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. मग त्या सगळं विसरल्या? छे. वडिलांचं अघोरी सोवळं, टिळकांचा संताप, उपासमार, सगळं 'स्मृतिचित्रे'त जिथल्या तिथं आहे. फक्त वाचताना आपल्याला हसू येतं, आणि पानभर पुढे गेल्यावर कळतं की आपण कशाला हसलो. विसरलेल्या बाईला असं लिहिता येत नाही, आणि अजून वसुलीवर असलेलीलाही नाही.

त्या तिघींना आणखी एक सांगायचंय. ज्याचं कर्ज सोडलं त्याला दुसऱ्या दिवशी नवं कर्ज देणारा मॅनेजर नोकरी घालवून घरी बसतो. क्षमा केली म्हणजे त्याच घरात परत नांदायला गेलंच पाहिजे, हे कुठल्या अध्यायात आहे ते मला दाखवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतो, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं अर्ज केला म्हणून कुणाचा विश्वास कमी होत नाही. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही. तिला सांगितलं, प्रार्थना कर आणि सोस. सांगणारे आता नाहीत, आणि त्यांचं माझ्याकडचं खातं अजून उघडं आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

येत्या रविवारी चहा वाटायची पाळी माझी आहे. घरून स्टीलचे कप नेणार आहे, ते दाबले जात नाहीत. तिला बाजूला घेऊन विचारीन म्हणते, की तू कुठं लिहून ठेवतेस का गं? विचारावं की नुसतं शेजारी बसावं, ते अजून ठरत नाही.