सुखाने कर्ज काढा, जामीनदार आहेच

गेल्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास आमच्या आस्थापना शाखेतल्या बाईंनी मला हाक मारली. एरवी त्या रजेचा अर्ज चुकला की हाक मारतात. या वेळी त्यांच्या हातात एका पतसंस्थेचं पत्र होतं आणि चेहरा कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा. "सर, या महिन्यापासून तुमचे नऊ हजार चारशे कापायचे आलेत," त्या हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे पलीकडच्या तीन टेबलांना ऐकू जाईल इतपत.

कर्ज माझं नाही. माझ्या साडूंचं आहे. मी फक्त जामीन आहे. 'फक्त' हा शब्द साडूंचा.

असा मंगळवार तुमच्याही नशिबी यावा, किंवा तुम्हाला तो दुसऱ्या कुणाच्या नशिबी आणता यावा, म्हणून अनुभवाचे चार बोल सांगतो. फुकट आहेत. फुकट म्हटल्यावर साडू नक्की वाचतील.

सर्वांत आधी, कर्ज कशासाठी काढायचं ते ठरवा. दवाखाना, बी-बियाणं, पोरांची फी यांसाठी कर्ज काढणारी माणसं बिचारी अडलेली असतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नाही. कर्ज काढावं ते कार्यक्रमासाठी. साडूंच्या वास्तुशांतीला सहाशे पान उठलं. बासुंदी, दोन भाज्या, मांडवात पाण्याचं कारंजं, वरून ड्रोन. त्या दिवशी त्या घराच्या न्हाणीघरात फरशी बसलेली नव्हती, वरच्या मजल्याच्या खिडक्यांना निळा प्लास्टिकचा कागद लावलेला होता. ड्रोनच्या व्हिडिओत तो कागद फार छान फडफडताना दिसतो.

व्याजाचा दर विचारू नका. हप्ता किती बसतो एवढंच विचारा. समोरचा म्हणेल, "बारा टक्के फ्लॅट." फ्लॅट म्हटलं की कसं सपाट, गुळगुळीत वाटतं. १ लाख रुपये, ३ वर्षं, वर्षाला १२ हजार, म्हणजे व्याज ३६ हजार आणि महिन्याचा हप्ता ३,७७८. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावर चालू राहतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाचा सगळा खर्च वार्षिक टक्क्यांत मांडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कागद मिळाला तर त्यावर भेळ खा.

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की 'किमान देय रक्कम' तेवढी भरा. ढोबळ हिशोब सांगतो. १ लाख थकलेत, महिना साडेतीन टक्के, म्हणजे व्याज ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६३०. तुम्ही पाच टक्के म्हणून ५,००० भरलेत, तर मुद्दलातून गेले ८७०. म्हणजे पाच हजार भरून आपण ८७० रुपयांचं कर्ज फेडलं. आणि वर मेसेज येतो, 'पेमेंटबद्दल धन्यवाद.' धन्यवाद देतीलच की.

घरी सांगू नका. घरी सांगितलं की कर्ज निम्मं झाल्यासारखं वाटतं आणि पुढचं काढायची उमेद जाते.

बायकोच्या पाटल्या 'दोन महिन्यांसाठी' ठेवा.

मोबाईलवरच्या ॲपवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. ते ॲप फोनमधले सगळे नंबर मागतं, देऊन टाका. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांना आणि फोटोंना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच सांगून ठेवलंय, पण ते कायदा पाळणाऱ्या ॲपसाठी. बाकीची ॲपं तुमच्या मामांना, शाळेतल्या बाईंना, गॅसवाल्याला असा सगळ्यांना फोन लावतील. आपण किती माणसं जोडलीत हे त्या दिवशी कळतं.

आता मुख्य विषय. जामीनदार.

जामीनदार निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पगारदार असावा, नात्यातला असावा, आणि नाही म्हणायला लाजणारा असावा. साडूंनी मला या तिन्ही कसोट्यांवर पारखून घेतलं असणार. एका रविवारी ते सहकुटुंब आले, एक किलो आंबा बर्फी घेऊन. त्यांच्या घरून आमच्या घरी इतक्या वर्षांत बर्फी आलेली नव्हती, मला तेव्हाच कळायला हवं होतं. चहा झाल्यावर म्हणाले, "अहो साडू, तुमचं काही जात नाही. दोन सह्यांचा प्रश्न आहे." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "ताईच्या घरचं आहे." संपलं.

दोन सह्या म्हणता म्हणता अकरा झाल्या. पतसंस्थेतल्या पोराने पेन्सिलने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. "फुलीपाशी करा साहेब, फुलीपाशी." तो पानं उलटत होता, मी फुल्या शोधत होतो, साडू मॅनेजरशी उसाच्या दरावर बोलत होते. मध्ये चहा आणि खारी आली. एक सही मला नाममात्र सभासद करून घेण्याची होती. दोन सह्या कोऱ्या चेकवर होत्या. आणि एक सही, जी मी खारीचा तुकडा कपात पडला म्हणून न वाचताच केली, ती पगारातून कपात करायला संमती देणारी होती. सहकार कायद्यातलं ४९ वं कलम. ते मला परवा कळलं, आस्थापनेच्या बाईंना आधीपासून माहीत होतं.

माझी समजूत अशी की आधी कर्जदाराला धरतात, त्याचं घरदार बघतात, आणि काहीच हाती लागलं नाही तर जामीनदाराकडे येतात. तुमचीही हीच समजूत असेल. राहू द्या, समजुती असाव्यात. आमचे एक वकीलमित्र आहेत, त्यांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे जाऊन या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९६८ मध्ये बिहारमधल्या एका बँकेच्या खटल्यात सांगून टाकलंय. मग पतसंस्था कुणाला धरेल? ज्याची गाडी बायकोच्या नावावर, घर आईच्या नावावर आणि धंद्याची पाटी मेहुण्याच्या नावावर आहे त्याला, की ज्याचा पगार एक तारखेला नियमित जमा होतो त्याला? सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला तेव्हा त्यावर आम्हा तिघांची नावं एकाखाली एक होती. साडू, मी आणि दुसरा जामीनदार, जो तोवर निवृत्त होऊन मुलाकडे बेंगळुरूला गेला होता.

साडूंना फोन केला. "अहो, ते पतसंस्थेचं ना? होईल हो. मार्चएंडला सगळंच होतं." कुठल्या वर्षीचा मार्चएंड ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर महाबळेश्वर. मॅप्रोची स्ट्रॉबेरी क्रीम, शेजारी मेहुणी, दोन्ही मुलं, मागे सूर्यास्त. खाली लिहिलंय, 'फॅमिली टाइम'. नऊ हजार चारशेतली एक स्ट्रॉबेरी तरी माझी असेल, अशी मी समजूत करून घेतली.

वकीलमित्र म्हणाले, तुम्ही भरलेले पैसे साडूंकडून वसूल करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कलम १४० आणि १४५. दावा लावा. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिने भाजीची फोडणी मोठी केली. त्यावर कुठलं कलम लागतं ते कायद्यात नाही.

कर्जातून बाहेर पडायचे मार्ग सांगणारी माणसंही तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. आमच्या ऑफिसातल्या शिपायाचंच बघा. कार्ड, भिशी, सोनाराकडचे, हातउसने, सगळं मिळून २ लाख १० हजार झाले होते. त्याने काय केलं? एका रविवारी बायकोला शेजारी बसवून वहीच्या पानावर सगळी देणी लिहिली. कोणाचं, किती, व्याज काय, हप्ता कधी. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बुलेट विकली. ज्याचं व्याज सगळ्यांत जास्त ते कार्ड आधी फेडून कापून टाकलं. सोनाराकडे स्वतः गेला आणि हप्ता चुकायच्या आधीच म्हणाला, "शेठ, एवढं झेपत नाही, मुदत वाढवून द्या." बहिणीच्या लग्नात नवीन कपडे घेतले नाहीत, भाऊबंद हसले. तीन वर्षं तो सायकलवर आला. आता त्या पानावर सगळ्या ओळी खोडलेल्या आहेत. यात ड्रोन कुठे आहे सांगा? कारंजं कुठे आहे?

मी त्या पोराला बुलेट विकली म्हणून चिडवायचो. लाज वाटते मला.

कारण झेपत नाही एवढं म्हणायला कमरेत बळ लागतं, ते त्याच्यात होतं. साडू, तुमच्यात नाही. कर्ज झाल्याचा राग नाही हो, कुणालाही होतं. धंदा बुडाला असता तर मी स्वतःहून भरले असते, तुम्हाला विचारलंही नसतं. पण 'व्यवसायवाढ' लिहून ४ लाख उचलायचे, सात हप्ते भरून थांबायचं, वसुलीवाला आला की पोराला दारात पाठवून "बाबा गावाला गेलेत" म्हणायला लावायचं? नऊ वर्षांचा आहे तो! त्याला खोटं बोलायला तुम्ही शिकवताय आणि त्याची फी मी भरतोय, कारण तुमचे हप्ते मी भरतोय. माझ्या मुलीने यंदा हॉस्टेल सोडलं, ती रोज दोन तास एसटीने जाते-येते. ते स्टेटसवर नाही.

आणि मीही कमी नाही. भिडेपोटी बर्फी खाल्ली, न वाचता सह्या केल्या, बायकोशी भांडण नको म्हणून मुलीला एसटीत बसवलं. माझ्यासारखे प्रत्येक खात्यात, प्रत्येक शाळेत दहा-दहा आहेत, म्हणून साडूंसारख्यांचं चालतं. नाही म्हणा ना! दोन अक्षरं आहेत, फुलीपाशी सही करण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

थकबाकी ३ लाख ८६ हजार आहे. पुढचं व्याज सोडून दिलं तरी ४१ पगार जातील, बाईंनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं.

साडू, ऐका. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यात नऊ हजार चारशे यायला हवेत. यूपीआय नंबर तुमच्याकडे आहेच. सह्यांच्या दिवशी पतसंस्थेच्या दारात "पाकीट घरी राहिलं" म्हणून शेअर्स आणि स्टॅम्पचे बाराशे तुम्ही माझ्याकडून भरून घेतलेत, रात्री पाठवतो म्हणालात. तेही अजून आलेले नाहीत.